नखं, नखरे आणि लेन्स

लांब नखांची हौस आणि डोळ्यांत कॉन्टॅक्ट लेन्स, हे दोन्ही एकाच माणसानं करायचं म्हणजे कसरतच! पण एकासाठी दुसऱ्यावर पाणी सोडायलाच हवं का? स्वतःचा डोळा लाल करून घेऊन शोधलेलं हे उत्तर...

रात्रीचे साडेअकरा वाजलेले. दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला जवळच्या मैत्रिणीचा साखरपुडा. साडी इस्त्री होऊन पलंगावर पसरलेली आणि हाताला त्याच संध्याकाळी करून आणलेली वाइन कलरची दहा नखं. आयुष्यातली पहिली जेल एक्स्टेन्शन्स! बांगड्यांच्या शेजारी ती फोटोत कशी दिसतील, याची रंगीत तालीम रिक्षात बसल्यापासूनच सुरू होती.

झोपण्यापूर्वी लेन्स काढायच्या म्हणून बेसिनपाशी उभी राहिले. डावा डोळा झाला. जरा वेळ लागला, पण झाला. उजव्या डोळ्यातली लेन्स मात्र येईचना. एकदा चिमटीत धरली, सटकली. दुसऱ्यांदा धरली, पुन्हा सटकली. तिसऱ्यांदा थोडा जोर लावला आणि डोळ्यात अशी काही कळ आली, की बेसिनचा काठ धरून मी खालीच बसले.

लेन्स डोळ्यात नव्हतीच. पहिल्याच प्रयत्नात ती निघून बेसिनच्या कडेला चिकटली होती. पुढच्या दोन्ही वेळा मी चिमटीत धरत होते ते माझं स्वतःचं बुबुळ!

साखरपुड्याच्या झाडून सगळ्या फोटोंत मी गॉगल लावून उभी आहे. तेही एसी हॉलमध्ये. "मुलीची मैत्रीण जरा जास्तच मॉडर्न दिसते हो," असं मुलाकडच्या एक काकू म्हणाल्याचं नंतर कानावर आलं. काकू, तुम्ही हे वाचत असाल तर सांगते, गॉगलच्या आत टोमॅटो होता.

डॉक्टरांकडे गेले ती दुपारी जेवणं आटोपल्यावर. (हो, आधी साखरपुडा, मग डोळा. यावर डॉक्टर जे बोलल्या ते छापण्यासारखं नाही.) त्यांनी डोळ्याला नारिंगी रंगाची एक कागदी पट्टी टेकवली, मशीनवर हनुवटी ठेवायला लावली आणि निळा दिवा लावला. जिथे बुबुळाचा पापुद्रा निघालेला असतो, तिथे तो रंग हिरवागार चमकतो. मग त्यांनी फोटो काढून मला स्क्रीनवर दाखवला. दोन बारीक हिरव्या कमानी, एकमेकींकडे तोंड करून.

"बघा, चंद्रकोर लोक कपाळावर लावतात. तुम्ही डोळ्यात लावलीत. एक नाही, दोन."

माझे डॉक्टर अस्सल पुणेरी आहेत, हे वेगळं सांगायला नकोच.

अर्ध्या मिलिमीटरची काच

आपण ज्याला सरसकट बुबुळ म्हणतो त्याच्या पुढच्या बाजूला एक पारदर्शक काच असते. तिला म्हणतात कॉर्निया. मधोमध तिची जाडी असते जेमतेम अर्धा मिलिमीटर. तिच्यावरचं सगळ्यात बाहेरचं आवरण तर त्याच्याही दहाव्या हिश्शाएवढं. आपल्या नखाची कडा या सगळ्याशी तुलना करता कुऱ्हाडच म्हणायची. शिवाय या काचेत मज्जातंतूंचं इतकं दाट जाळं असतं, की शरीरात इतरत्र जाणवणारही नाही एवढा ओरखडा इथे माणसाला जमिनीवर बसवतो. स्वानुभव वर दिलाच आहे.

गंमत म्हणजे कॉर्निया फार लवकर भरून येतो. नुसता वरवरचा ओरखडा असेल तर एक-दोन दिवसांत नवा पापुद्रा धरतो. मग डॉक्टर एवढ्या चिडल्या का? हे मी त्यांना विचारलंसुद्धा. त्या म्हणाल्या, "झाडाची फांदी लागून आलेला ओरखडा आणि लेन्सवाल्या माणसाचा ओरखडा यांत फरक असतो. फांदी लागते आणि जाते. तुमचं नख जाताना आत काहीतरी ठेवून जातं."

आपल्या आजीचं एक वाक्य होतं बघा, नखात विष असतं. लहानपणी आपण ते हसण्यावारी नेलं. पण हातावरचे सर्वाधिक जंतू नखांच्या खालच्या खाचेतच सापडतात, हे आता पक्कं माहीत आहे. हात नुसते धुतले तरी तिथले सगळे जात नाहीत. नख जितकं लांब, तितकी ती खाच मोठी. नकली नखं असतील तर त्यांच्या कडेला ओल धरून राहते, ते आणखी वेगळंच. अमेरिकेत ओक्लाहोमा शहरातल्या एका रुग्णालयात १९९७-९८ मध्ये नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात स्यूडोमोनास नावाच्या जंतूची साथ आली, तेव्हा तपासात तिचा संबंध लांब नखांच्या नर्सेसशी जोडला गेला. जागतिक आरोग्य संघटनेनं २००९ मध्ये हातांच्या स्वच्छतेचे नियम काढले. रुग्णांना हात लावणाऱ्यांनी नकली नखं वापरायची नाहीत आणि स्वतःची नखंही अर्ध्या सेंटीमीटरपेक्षा वाढवायची नाहीत, असं त्यात आहे. आणि लेन्स वापरणाऱ्यांच्या डोळ्यांत जखम चिघळवणारा सगळ्यात कुप्रसिद्ध जंतू कोणता? तोच, स्यूडोमोनास.

हे ऐकल्यावर मी माझ्या वाइन कलरकडे पाहिलं. जरा वेगळ्याच नजरेनं.

डोळ्यात थेंब दर काही तासांनी, आणि डॉक्टर सांगेपर्यंत लेन्सला हातही लावायचा नाही, असा हुकूम निघाला. "पट्टी नको बांधायला?" मी विचारलं. सिनेमात बांधतात ना! तर म्हणे, लेन्सवाल्यांच्या ओरखड्यावर पट्टी बांधतच नाहीत. आत जंतू गेलेलेच असतील तर बंद, उबदार डोळा म्हणजे त्यांची चैन. आणि मग तो शेवटचा सल्ला आला, ज्याची मला धास्ती होती.

"नखं काढून टाका."

दोन बोटांचा तह

आता इथे मला थोडं खासगी सांगावं लागणार. मी चोविसाव्या वर्षापर्यंत नखं खायचे. पार मुळापर्यंत. आईनं कारल्याचा रस लावून पाहिला, मला कारलं आवडायला लागलं. परीक्षा, मुलाखती, पहिल्या नोकरीतला बॉस, सगळ्यांचा हिशेब माझ्या बोटांवर लिहिलेला असायचा. कुणाला कागद द्यायचा तरी मुठी वळायच्या. ती सवय सुटली तेव्हा वाढलेली पहिली दहा नखं म्हणजे माझ्यासाठी मेडल होतं. त्यामुळे 'नखं काय, पुन्हा येतील' असं कुणी म्हटलं की मला राग येतो. आणि चष्मा? माझा नंबर उणे साडेपाच. पावसात स्कूटी चालवताना हेल्मेटच्या काचेवर पाणी, चष्म्यावर पाणी, त्यात समोरून येणारी पीएमपीची बस... चष्म्यावाल्यांना पुढचं सांगायला नको.

हे सगळं मी डॉक्टरांना एका दमात सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "बरं, मला दोनच बोटं द्या. उजव्या हाताचं पहिलं बोट आणि अंगठा. ही दोन नखं बोटाच्या मांसापुढे अजिबात यायची नाहीत. तळहात समोर धरून बघितलंत तर नख दिसता कामा नये. उरलेली आठ तुमची. त्यांवर ताजमहाल काढा."

झालं! तह झाला. (डावरे असाल तर अर्थातच डाव्या हाताची दोन.)

अर्थात दोन नखं कापून प्रश्न संपत नाही, हे बरं होऊन पुन्हा लेन्स घालायला लागल्यावर लक्षात आलं. उरलेली आठ काय देवपूजेला ठेवायचीत? ती पापण्यांच्या आजूबाजूला फिरतातच. मग पुढचे पंधरा दिवस मी आरशासमोर अक्षरशः शिकवणी लावली. ज्या चष्म्याच्या दुकानातून लेन्स घेते, तिथल्या काउंटरवरच्या ताईंची नखं माझ्यापेक्षा लांब, आणि त्या रोज गिऱ्हाइकांना लेन्स घालायला शिकवतात! त्यांनी मला गिऱ्हाइकांची गर्दी नसताना दुपारी बोलावून जे शिकवलं, ते डॉक्टरांकडून पुन्हा एकदा तपासून घेतलं. तेच इथे सांगते.

पहिली गोष्ट हात. साबण साधा हवा, क्रीमवाला किंवा अत्तराचा घमघमाट असलेला नको, कारण त्याचा थर बोटावर राहतो आणि तिथून लेन्सवर जातो. नखांच्या खाली मऊ ब्रश फिरवायचा. लहान मुलांचा टूथब्रश चालतो, फक्त तो त्याच कामाला ठेवायचा. आणि मग हात कोरडे करायचे, अगदी कोरडे. याला दोन कारणं. ओल्या बोटाला लेन्स चिकटून बसते, डोळ्यात उतरतच नाही. आणि नळाच्या पाण्यात अकँथअमीबा नावाचा सूक्ष्म जीव असू शकतो. तो पोटात गेला तर सहसा काही करत नाही, पण लेन्सवरून डोळ्यात शिरला तर त्याला हुसकावायला महिनोन्महिने लागतात. सोसायटीची टाकी कितीही वेळा धुतलेली असू दे, पाणी आणि लेन्स यांची गाठ पडू द्यायची नाही. टॉवेल धागे सुटणारा नको, नाहीतर तोच धागा लेन्सखाली जाऊन बसतो.

दुसरी गोष्ट डबी. लेन्स डबीतून काढायला आपण काय करतो? नख घालून खरवडतो! माझ्या निम्म्या लेन्स इथेच फाटल्या. मऊ लेन्स पुष्कळशी पाण्याचीच असते, मधोमध कागदापेक्षाही पातळ. नखाचं टोक लागलं की तिला अर्धचंद्र पडतो, तोही असा बारीक की डोळ्यात घालेपर्यंत दिसत नाही. त्यापेक्षा डबी सरळ तळहातावर ओतायची. पाणी आणि लेन्स दोन्ही येतात, मग बोटाच्या पेरानं हलकेच उचलायची. मऊ सिलिकॉनच्या टोकाचा छोटा चिमटाही मिळतो, डबीतून लेन्स उचलायला तो उत्तम. पण तोही रोज धुऊन कोरडा करायला हवा, आणि त्यानं थेट बुबुळावरची लेन्स ओढायला जायचं नाही. लेन्सची कड कुठे फाटलेली वाटली तर हळहळ न करता फेकायची. 'आज ऑफिसपुरती घालते' म्हणून घातलेली फाटकी लेन्स दिवसभर पापणीच्या प्रत्येक उघडझापीला कॉर्निया खरवडत असते.

आडवं बोट, उभं बोट

आता घालणं. खरी मेख बोटाच्या कोनात आहे. आपण लेन्स बोटाच्या अगदी शेंड्यावर ठेवतो आणि बोट भाल्यासारखं डोळ्याकडे नेतो. लांब नख असेल तर लेन्सच्या आधी तेच पोचतं! त्याऐवजी लेन्स शेंड्यापासून थोडी खाली, पेराच्या गुबगुबीत भागावर ठेवायची आणि बोट चेहऱ्याला जवळजवळ समांतर न्यायचं. म्हणजे नख डोळ्याच्या दिशेनं नाही, तर कपाळाच्या दिशेनं राहतं. पहिल्यांदा फार विचित्र वाटतं. मला चार दिवस लागले. दुसऱ्या हातानं वरची पापणी धरताना बोटं अशीच सपाट, भुवईकडून खाली आणून पापणीच्या केसांच्या मुळाशी टेकवायची. खालच्या पापणीला त्याच हाताचं मधलं बोट, गालाला टेकलेलं. सगळं काम पेरांनी. नखांनी फक्त दिसायचं.

खरं संकट घालण्यात नाही, काढण्यात आहे. माझं काय झालं ते वाचलंतच. म्हणून काढायच्या आधीचा नियम, जो मी आता बेसिनवरच्या आरशावर चिकटवून ठेवलाय: 'आधी बघ, लेन्स आहे का!' एक डोळा झाकायचा आणि समोरच्या शाम्पूच्या बाटलीवरचं नाव वाचायचं. दिसलं तर लेन्स आहे. धूसर असेल तर हात खाली. लेन्स पडली असेल, नाहीतर वरच्या पापणीखाली सरकली असेल. (ती डोळ्याच्या मागे जाऊन मेंदूत शिरेल का, असं माझ्या आईनं मला पहिल्या दिवशी विचारलं होतं. नाही शिरत. पापणीच्या आतलं अस्तर वळून डोळ्यालाच जोडलेलं असतं, मागे रस्ताच नाही.)

लेन्स जागेवर आहे, पण कोरडी होऊन चिकटली असेल, तर ओढाताण करायची नाही. दिवसभर एसीत बसून स्क्रीनकडे टक लावणाऱ्या आपल्यासारख्यांचं हे रोजचंच आहे. लेन्ससाठीचे ओलावा देणारे थेंब घालायचे, काही मिनिटं डोळे मिटायचे, उघडझाप केल्यावर लेन्स हलतेय असं जाणवलं की मगच हात लावायचा. मग वर बघायचं, पहिल्या बोटाच्या पेरानं लेन्स हलकेच खाली, पांढऱ्या भागावर सरकवायची. हा पांढरा भाग कॉर्नियाइतका नाजूक नसतो. तिथे अंगठा आणि पहिलं बोट यांच्या पेरांनी तिला घडी पाडायची. चिमूट घ्यायची ती रांगोळीची घेतो तशी नाही, कारण तिच्यात नखांची टोकं जवळ येतात. पोळीचा मऊपणा बघताना बोटं सपाट फिरतात ना, तशी.

ताईंची स्वतःची युक्ती आणखी वेगळी. त्या डोळ्याला हातच लावत नाहीत! एक पहिलं बोट वरच्या पापणीच्या कडेवर, दुसरं खालच्या पापणीच्या कडेवर, दोन्ही आडवी. डोळा नीट उघडा, म्हणजे पापण्यांच्या कडा लेन्सच्या बाहेर राहतील. मग दोन्ही पापण्या हलकेच आत दाबून एकमेकींकडे आणायच्या. पापण्यांच्या कडाच लेन्स उचलून बाहेर टाकतात. कडक लेन्स वापरणारे पूर्वीपासून असंच काढतात, मऊ लेन्सला जरा जास्त सराव लागतो. मला दहातून सहादा जमतं. रबरी पिचकारीसारखं एक साधनही मिळतं, पण ते कडक लेन्ससाठी आहे. मऊ लेन्सवाल्यांनी त्या वाटेला जाऊ नये, असं डॉक्टरांचं म्हणणं. लेन्स जागेवर नसेल आणि ते थेट कॉर्नियाला चिकटलं तर? नको, विचारही नको.

या सगळ्या खटाटोपाला सुरुवात कुठे झाली माहितेय? प्रागमध्ये एक चेक रसायनशास्त्रज्ञ होते, ओटो विख्तर्ले. १९६१च्या नाताळात त्यांनी घरी बसून पहिल्या मऊ लेन्स बनवणारं यंत्र तयार केलं. कशापासून? मुलांच्या मेकॅनोसारख्या जोडखेळापासून आणि सायकलच्या डायनामोवर! त्याआधी १८८८ साली झाल्या त्या काचेच्या लेन्स. तेव्हाच्या माणसांनी त्या डोळ्यात कशा ठेवल्या असतील, देव जाणे. त्यांच्यापुढे माझं नखपुराण म्हणजे चैनच.

फूल पडलं म्हणजे काय

इथवर हसत-खेळत आलो. आता मात्र एक गोष्ट सांगायची आहे, ती माझी नाही. माझ्या आधीच्या ऑफिसमधल्या एका मैत्रिणीची. तिची नखं साधारण माझ्याएवढीच. तीही आपल्या सगळ्यांसारखीच होती, कामाच्या धबडग्यात डबीतलं कालचं सोल्युशन तसंच ठेवून वरून थोडं नवीन टाकायची, डबी नळाखाली विसळायची. एका गुरुवारी तिचा डोळा टोचायला लागला. नख लागलं असेल म्हणून तिनं दुर्लक्ष केलं. घरात भावाच्या डोळ्यांच्या साथीतले थेंब उरलेले होते, ते घातले. त्यात स्टिरॉइड होतं. दोन दिवस लाली कमी झाली, त्यामुळे ती लेन्स घालून कामालाही गेली. रविवारी रात्री तिला दिवा सहन होईना. सोमवारी सकाळी आरशात बघितलं तर बुबुळावर तांदळाच्या कणीएवढा पांढरा ठिपका.

कॉर्नियाला जखम होऊन ती चिघळली होती. पहिले दोन दिवस दर तासाला थेंब, रात्रीसुद्धा. तिची आई गजर लावून बसायची. जंतू गेले, डोळा वाचला, पण जखमेचा व्रण राहिला. जुन्या बायका म्हणतात ना, डोळ्यात फूल पडलं, तेच. ते मधोमध पडलं असतं तर नजर गेली असती. तिचं जरा बाजूला आहे, म्हणून गाडी चालवू शकते. रात्री मात्र समोरच्या गाड्यांचे दिवे तिला फुटल्यासारखे दिसतात. ती आता चष्मा लावते. नखं अजूनही लांब ठेवते. "नखांना काय दोष द्यायचा," ती म्हणाली, "मी तीन दिवस थांबले, हा माझा दोष."

तेव्हा हे नीट वाचा. डोळा लाल झाला, दुखतोय, उजेड सोसवत नाही, धूसर दिसतंय, चिकट पाणी येतंय, यातलं काहीही असेल तर लेन्स आधी बाहेर. पुन्हा घालून बघायची नाही. मेडिकलवाल्याला विचारून थेंब आणायचे नाहीत, घरातले उरलेले तर मुळीच नाहीत. त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे, आणि जाताना लेन्स आणि डबी बरोबर न्यायची, फेकायची नाही. कुठला जंतू आहे ते कधी कधी डबीच सांगते. एरवी सोल्युशन रोज पूर्ण ओतून नवीन घ्यायचं, लेन्स तळहातावर त्यात हलकेच चोळायची, डबीही सोल्युशननंच विसळून उपडी वाळवायची आणि तीन महिन्यांत बदलायची. लेन्स घालून झोपायचं नाही, दुपारच्या डुलकीलासुद्धा नाही. २००६ मध्ये एका मोठ्या कंपनीचं सोल्युशन बुरशीच्या संसर्गामुळे जगभरातून परत मागवावं लागलं होतं, पण रोजच्या आयुष्यात गडबड सोल्युशनपेक्षा आपल्या आळसाचीच जास्त असते.

ठेचा, ग्लू आणि इतर शत्रू

लांब नखांची काही खास संकटं आहेत, जी कुठल्याच माहितीपत्रकात छापलेली नसतात. पहिलं, मिरची! सकाळी ठेचा केला, तीनदा हात धुतले, संध्याकाळी लेन्स काढायला गेले आणि घरभर नाचले. मिरचीतला तिखटपणा पाण्यात नीट विरघळत नाही, तेलात विरघळतो, आणि नखाखाली तो दिवसभर दबा धरून बसतो. आधी बोटांना आणि नखांखाली खायचं तेल चोळायचं, मग साबण. तरीही ती लेन्स गेलीच समजा, तिखट लागलेली लेन्स धुऊन पुन्हा घालण्यात अर्थ नाही. मी आता ठेच्याच्या दिवशी मुकाट्यानं चष्मा लावते.

दुसरं, नेल स्टुडिओ. घासताना उडणारी नखांची पूड आणि रिमूव्हरचा वास, दोन्ही लेन्सला वर्ज्य. तिथेही चष्माच. तिसरं ऐकून तुम्हाला हसू येईल, पण डोळ्यांच्या डॉक्टरांना येत नाही. नकली नखं चिकटवायच्या ग्लूची बाटली आणि डोळ्यांच्या थेंबांची बाटली सारख्याच चणीची असते. झोपेत, चष्मा नसताना, एकीऐवजी दुसरी उचलली की संपलंच. माझा ग्लू आता कपाटात, चपलांच्या शेजारी असतो.

मेकअपचा क्रमही पाठ करून टाका. लेन्स आधी, काजळ नंतर. रात्री लेन्स आधी काढायची, काजळ नंतर पुसायचं.

गेल्या आठवड्यात पुन्हा स्टुडिओत गेले. आठच नखं करायची म्हटल्यावर तिथली मुलगी गोंधळली. "मॅम, ही दोन तुटली का?" नाही गं, दिली, डॉक्टरांना दिली, असं म्हणून तिला सगळी कथा ऐकवली. तिनं भक्तिभावानं ऐकली. स्वतःही लेन्स लावते म्हणाली, आणि आपल्या अंगठ्याकडे बघून जरा गप्प झाली. आठ नखं सुंदर झाली, गर्द हिरवी. मी बिल हातात घेतलं.

"अगं, दहाचे लावलेस."

"पॅकेज दहाचंच असतं, मॅम."